उतारवयात चवडा आणि बोटं फार वाकडी झाली असतील तर: शस्त्रक्रियेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ज्यांची पावलं दुखतात त्यांच्यासाठी आहे, आणि दवाखान्यात त्यांच्या शेजारी बसून प्रश्न विचारणाऱ्या घरच्या माणसांसाठीही. उतारवयात अशा शस्त्रक्रियेचं यश एकाच गोष्टीवर मोजावं असं मला वाटतं: माणूस साधे, रुंद बूट घालून, न दुखता आणि न पडता स्वतःची कामं करू शकतो का. पाऊल दिसायला कसं झालं हा मुद्दा फार मागचा. पुढची सगळी उत्तरं हे धरूनच लिहिली आहेत.

अंगठ्याजवळ हाड वाढलंय असं सगळे म्हणतात. नेमकं काय झालेलं असतं?

बहुतेक वेळा नवं हाड वाढलेलं नसतं. अंगठ्याच्या मागे पावलात जे लांब हाड असतं, पहिलं मेटाटार्सल, ते हळूहळू दुसऱ्या पावलाच्या दिशेला सरकतं आणि अंगठा उलट बाजूला, इतर बोटांकडे झुकतो. मधला सांधा कोपऱ्यासारखा बाहेर येतो. आपल्याला गाठ दिसते ती त्या हाडाच्या डोक्याची. त्यावर बूट घासून सूज आली की गाठ आणखी मोठी वाटते. म्हणूनच नुसती 'गाठ तासून' काम भागत नाही. ज्या हाडांची दिशा बिघडली आहे ती जागेवर आणावी लागतात.

उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये अंगठा आणि त्याच्या मेटाटार्सलमधला कोन मोजतात. १५ अंशांपर्यंत तो सामान्य धरतात. ४० अंशांच्या पुढे गेला की विकृती गंभीर. या टप्प्यावर अंगठा दुसऱ्या बोटाच्या खाली शिरलेला असतो, किंवा दुसरं बोट त्याच्यावर चढलेलं असतं. अंगठा जमिनीवर नीट दाबला जात नाही, म्हणून त्याचा भार दुसऱ्या आणि तिसऱ्या मेटाटार्सलवर येतो आणि चवड्याखाली जाड, दुखरे घट्टे होतात. मधली बोटं सांध्यात दुमडून आखडतात (हॅमर टो, क्लॉ टो), त्यांच्या पाठीवर बूट घासून कुरूप होतं. पुष्कळदा अंगठ्यापेक्षा हीच बोटं आणि हे घट्टे जास्त त्रास देतात. तपासणीत 'नक्की कुठे दुखतं' हे एका बोटाने दाखवायला सांगतात ते याचसाठी.

हे म्हातारपणीच इतकं का वाढतं?

सुरुवात बहुधा फार आधी झालेली असते. घराण्यात असणं, सैल सांधे, सपाट पाऊल, वर्षानुवर्षं वापरलेले अरुंद टोकाचे बूट अशी कारणं एकत्र येतात. बायकांमध्ये प्रमाण बरंच जास्त आहे. पासष्टीच्या पुढे साधारण तिघांमागे एकाला अंगठ्याचा हा वाकडेपणा कमीअधिक असतो. वयाबरोबर तळव्याखालची चरबीची गादी पातळ होते, पावलातले छोटे स्नायू अशक्त होतात, अस्थिबंध सैल पडतात. आमवात असेल किंवा मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असतील तर हे सगळं वेगाने होतं.

शस्त्रक्रिया केलीच पाहिजे का?

नाही. वाकडं पण न दुखणारं पाऊल आहे तसं ठेवावं. 'पुढे आणखी बिघडेल म्हणून आत्ताच करून घ्या' हा सल्ला वयस्क माणसाला दिला जातो तेव्हा मला तो पटत नाही. प्रतिबंध म्हणून केलेली शस्त्रक्रिया त्या माणसाला काही काळ परावलंबी करते आणि नसलेलं दुखणं मागे लावू शकते.

विचार करायचा तो असा त्रास असेल तर: बूट बदलून, पॅड वापरूनही दुखणं रोजच्या चालण्यात आडवं येतं, कोणतंच पादत्राण घालता येत नाही, गाठीवर, बोटांच्या मध्ये किंवा चवड्याखाली पुन्हापुन्हा जखम होते, बोटं जमिनीला टेकत नसल्याने तोल जातो. शेवटचा मुद्दा फार वेळा दुर्लक्षिला जातो. पाय दुखणं आणि अंगठ्याची मोठी विकृती यांचा वृद्धांच्या पडण्याशी संबंध आहे, आणि पडून खुबा मोडणं हे वाकड्या अंगठ्यापेक्षा कितीतरी मोठं संकट आहे.

शस्त्रक्रियेशिवाय काय करता येतं?

बरंच काही, आणि ते मनापासून करून पाहिल्याशिवाय शस्त्रक्रियेकडे जाऊ नये.

पहिली गोष्ट बूट. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढा आणि सध्याचा बूट तिच्यावर ठेवा. बहुतेकांच्या बाबतीत कागदावरचं पाऊल बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं दिसतं. बूट पुढून रुंद हवा आणि खोलही हवा, कारण वर चढलेल्या बोटाला उंची लागते. वरचा भाग मऊ, शिवण गाठीवर न येणारी, टाच कमी. तळ थोडा ताठ आणि पुढे वर वळलेला असेल तर पाऊल त्यावरून पुढे कलंडतं आणि चवड्यावरचा दाब कमी होतो.

चवड्याखालच्या दुखण्यासाठी पॅड लावतात ते दुखऱ्या जागेच्या *मागे*, टाचेच्या बाजूला लावायचं असतं. दुखतं तिथेच लावलं तर दाब वाढतो; ही चूक इतकी सर्रास होते की 'पॅडचा उपयोग झाला नाही' असं कुणी म्हटलं की आधी पॅडची जागा पाहावी. घट्टे आणि कुरूप जाणकाराकडून तासून घेतल्याने लगेच आराम पडतो, पण ते काही आठवड्यांनी परत येतात.

रात्री बांधायचे पट्टे आणि बोटांमधले सिलिकॉनचे तुकडे घासणं कमी करतात. प्रौढ माणसाचं वळलेलं हाड ते सरळ करत नाहीत. आणि कुरूप घालवणाऱ्या आम्लाच्या पट्ट्या मधुमेह, बधिरपणा किंवा रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला कधीही लावू नयेत. त्यांनी झालेली भाजल्यासारखी जखम बोट गमावण्यापर्यंत जाऊ शकते.

आईचं वय ८१ आहे. या वयात शस्त्रक्रिया झेपेल का?

निव्वळ वयामुळे नकार द्यायचं कारण नाही. ८१ व्या वर्षी स्वतः बाहेर जाऊन येणारी बाई आणि ६८ व्या वर्षी खुर्चीत खिळलेला माणूस यांचा धोका वयावरून कळत नाही. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं, स्मृती, आहार, चालण्याची ताकद आणि घरी मदतीला कोण आहे, हे सगळं पाहून ठरतं.

पण पायाच्या बाबतीत एक तपासणी सगळ्यांच्या आधी येते, ती म्हणजे रक्तपुरवठा. पावलाच्या टोकाला रक्त पोचत नसेल तर उत्तम हातांनी केलेली शस्त्रक्रियासुद्धा वाया जाते, कारण जखम भरत नाही. सर्जन पावलावरच्या आणि घोट्यामागच्या नाडीला हात लावून पाहतात. नाडी नीट लागत नसेल तर घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत असं समजतात. मधुमेह आणि जुन्या मूत्रपिंडविकारात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि हा आकडा फसवा, उगाच जास्त येतो. १.४ च्या वरचा आकडा 'फार छान' म्हणून घरी घेऊन जाऊ नये. अशा वेळी अंगठ्याचा रक्तदाब मोजतात. तो ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर जखम भरण्याची आशा फार कमी असते, आणि आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जावं लागतं.

कोणी पायाला हात न लावता, नाडी न पाहता, केवळ एक्स-रेवरून तारीख देत असेल तर दुसरं मत घ्या. हे मी अगदी ठामपणे सांगेन.

मधुमेह आहे. मग विषयच संपला का?

संपत नाही, पण तयारी वाढते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ८ च्या आत असावं असा बहुतेक सर्जनांचा आग्रह असतो. त्याच्या वर जखम चिघळण्याचा धोका वाढत जातो. पायाची संवेदना १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने तपासतात. तो टेकवलेला कळत नसेल तर बोटाला जखम झालेलीही कळणार नाही.

बधिर पायात विकृती असेल तर कधी कधी शस्त्रक्रिया टाळणंच जास्त धोक्याचं असतं. दुमडलेल्या बोटाचं टोक जमिनीवर घासून तिथे जखम होते, ती हाडापर्यंत जाते आणि बोट काढावं लागतं. बोट हाताने सरळ करता येत असेल, म्हणजे सांधा अजून आखडला नसेल, तर बोटाखालची स्नायूबंधाची दोरी सुईएवढ्या छेदातून कापता येते. हे बाह्यरुग्ण विभागात, बोटापुरती भूल देऊन होतं. त्यात हाड कापावं लागत नाही, तार नाही की स्क्रू नाही. एवढ्या छोट्या उपायाने अनेकांच्या जखमा भरतात, आणि तो वेळेत सुचवला जात नाही याचं मला वाईट वाटतं.

एक इशारा. बधिर पाऊल अचानक गरम, लाल आणि सुजलेलं झालं आणि दुखणं मात्र किरकोळ असेल, तर तो शार्को पायाचा आजार असू शकतो. यात हाडं आतून ढासळत असतात. पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आमवाताची औषधं चालू आहेत. ती थांबवायची का?

स्वतःहून एकही गोळी थांबवू नका. मेथोट्रेक्सेट सहसा चालूच ठेवतात. बायोलॉजिक इंजेक्शनांचा एखादा डोस पुढे ढकलून त्या मधल्या काळात शस्त्रक्रिया करतात, आणि जखम भरली की ती पुन्हा सुरू करतात. स्टिरॉइड दीर्घकाळ घेत असाल तर ते एकदम बंद करणं धोक्याचं असतं, भूलतज्ज्ञांना त्याची माहिती असायलाच हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबतही हाच नियम: कोणती, किती दिवस आधी थांबवायची, की थांबवायचीच नाही, हे ज्या डॉक्टरांनी त्या दिल्या त्यांना विचारून ठरतं.

मान दुखते, हातांना मुंग्या येतात असं असेल तर तेही सांगा. आमवातात मानेचे मणके सैल झालेले असू शकतात. पूर्ण भूल देताना मान मागे वाकवण्याआधी हे माहीत असावं लागतं.

शस्त्रक्रिया कोणकोणत्या असतात?

तरुणांमध्ये हाड कापून, सरकवून, स्क्रूने बसवतात आणि सांधा वाचवतात. वयस्क माणसाच्या गंभीर विकृतीत सांधा बहुधा झिजलेला असतो, हाड मऊ असतं, आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ नये ही इच्छा असते. त्यामुळे निवड वेगळी होते.

*अंगठ्याचा सांधा जोडणं.* झिजलेला सांधा काढून दोन हाडं सरळ स्थितीत प्लेट किंवा स्क्रूने कायमची जोडतात. गंभीर विकृतीसाठी हा सगळ्यात भरवशाचा उपाय मानला जातो. अंगठा परत वळत नाही, तो पुन्हा भार घेऊ लागतो, आणि पहिलं मेटाटार्सल बहुधा वेगळं न कापताही बरंचसं जागेवर येतं. १०० मागे साधारण ५ ते १० जणांत हाडं पूर्ण जुळत नाहीत. त्यातल्या काहींना त्याचा त्रास होतही नाही.

*केलर शस्त्रक्रिया.* १९०४ मध्ये केलर या सर्जनने वर्णन केलेली. अंगठ्याच्या पहिल्या पेराचा मागचा भाग काढून तिथे मोकळी जागा ठेवतात. शस्त्रक्रिया लहान, वेळ कमी, हाड जुळण्याची वाट पाहावी लागत नाही, लगेच टाचेवर चालता येतं. तोटेही खरे आहेत. अंगठा आखूड आणि ढिला होतो, कधी वर उचलला जातो, भार दुसऱ्या मेटाटार्सलवर सरकतो. चालत्या-फिरत्या माणसाला ही देऊ नये. पण अशक्त, थोडंच चालणाऱ्या, गाठीवरच्या जखमेने हैराण झालेल्या माणसाला अजूनही ती योग्य असू शकते. जुनी आहे एवढ्याने तिला नाकारू नये.

*हाड कापून सरकवणं.* सांधा चांगला असेल आणि हाड मजबूत असेल तर सत्तरीनंतरही करतात. मेटाटार्सलचा मागचा, पावलाच्या मधला सांधा जोडण्याची लॅपिडस शस्त्रक्रिया गंभीर कोन सुधारते. मात्र नंतर बरेच आठवडे पाय जपावा लागतो आणि ज्याला कुबड्या झेपत नाहीत त्याच्यासाठी ती अवघड जाते.

*मधली बोटं.* आखडलेल्या बोटाच्या सांध्यातलं थोडं हाड काढून ते सरळ करतात आणि बोटाच्या टोकातून तार घालतात. ही तार ४ ते ६ आठवड्यांनी दवाखान्यातच काढतात. मुळाशी निखळलेल्या बोटासाठी मेटाटार्सल तिरकं कापून थोडं मागे सरकवतात. याला वाइल ऑस्टिओटॉमी म्हणतात. त्यानंतर बोट जमिनीला न टेकता किंचित अधांतरी राहू शकतं. दुखत नसेल तर त्याकडे दुर्लक्ष करायचं.

*आमवाताचा चवडा.* सगळी बोटं निखळून मेटाटार्सलची डोकी तळव्यातून खड्यांसारखी टोचत असतील, तर दुसऱ्या ते पाचव्या मेटाटार्सलची डोकी काढून अंगठ्याचा सांधा जोडतात. शंभराहून जास्त वर्षं ही पद्धत वेगवेगळ्या रूपांत चालत आली आहे. ऐकायला फार मोठं वाटतं, पण उभं राहणंच असह्य झालेल्यांना तिने मिळणारा आराम मोठा असतो. आमवाताची औषधं सुधारल्यापासून सांधे वाचवणाऱ्या शस्त्रक्रियाही होऊ लागल्या आहेत.

अंगठ्याचा सांधा कायमचा जोडला तर चालता येईल का?

येतं. गंभीर विकृतीत तो सांधा आधीच नीट हलत नसतो, त्यामुळे गमावण्यासारखं थोडंच असतं. सर्जन अंगठा अगदी सपाट न जोडता किंचित वर उचललेला आणि किंचित बाहेर झुकलेला ठेवतात. त्यामुळे पाऊल टाकताना पुढे ढकलता येतं, आणि अंगठ्याच्या टोकाजवळचा छोटा सांधा हलताच राहतो. उंच टाचा घालता येत नाहीत. चवड्यावर उकिडवं बसणं अवघड होतं. तुम्हाला त्याची गरज असेल तर आधीच सांगा.

डॉक्टरांनी दुसरं बोट काढून टाकायला सुचवलं. धक्काच बसला.

बसणं साहजिक आहे. बोट काढायचं म्हटलं की सडलेला पाय डोळ्यांसमोर येतो. पण इथे विचार वेगळा असतो. अंगठा दुखत नाही, फक्त त्याच्यावर चढलेलं दुसरं बोट बुटात घासून जखम होते, आणि माणूस ८५ वर्षांचा, हृदय कमजोर असलेला आहे. बोट सरळ करायचं तर त्याला जागा हवी, जागा करायची तर अंगठा सरळ करावा लागेल, म्हणजे मोठी शस्त्रक्रिया आणि आठवडेच्या आठवडे काळजी. नुसतं बोट काढायला फक्त पावलापुरती भूल लागते, वेळ थोडा, तार नाही, आणि त्याच दिवशी सपाट तळाच्या बुटात चालता येतं.

अंगठा रिकाम्या जागेकडे आणखी झुकू शकतो, हे आधी सांगायला हवं. पुढची दहा-पंधरा वर्षं भरपूर चालणार असलेल्या माणसाला मी हा पर्याय सुचवणार नाही. पण काही जणांसाठी तो सगळ्यात कमी त्रासाचा आणि अगदी सन्मानाचा मार्ग आहे. निर्णयाला वेळ घ्या. ज्याचं बोट आहे त्यालाच शेवटचा शब्द असू द्या.

छोट्या छिद्रांतून करतात ती शस्त्रक्रिया जास्त चांगली का?

काही मिलिमीटरच्या छेदातून बारीक फिरत्या पात्याने, एक्स-रे पडद्यावर पाहत हाड कापतात. पातळ, नाजूक कातडीच्या वयस्क पायाला लहान जखम सोयीची पडते. पण हाड जुळायला लागतो तेवढाच वेळ लागतो, आणि सर्जनचा हात त्यात मुरलेला असावा लागतो. पद्धतीच्या नावापेक्षा 'या पद्धतीने तुम्ही नियमित करता का' हा प्रश्न विचारा.

पूर्ण भूल द्यावी लागते का?

बहुधा नाही. घोट्याभोवती पाच नसांना इंजेक्शन देऊन किंवा गुडघ्यामागे एका जागी औषध देऊन पाऊल बधिर करतात. रुग्ण जागा असतो, हवं तर हलकी गुंगी देतात. वृद्धांमध्ये याचे फायदे मोठे आहेत: हृदय-फुप्फुसांवर ताण कमी आणि पहिले काही तास वेदनाच नसतात. गुडघ्यामागच्या इंजेक्शनचा बधिरपणा बारा ते चोवीस तास टिकू शकतो, त्यामुळे त्या काळात पाय कुठे पडतोय हे कळत नाही. कुणाला तरी धरल्याशिवाय उठू नका. आणि वेदनेची पहिली गोळी बधिरपणा उतरण्याच्या *आधी* घ्या.

शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस काही वृद्ध गोंधळतात, वेळ-जागा विसरतात. चष्मा, ऐकण्याचं यंत्र आणि ओळखीचा माणूस जवळ असला की याचं प्रमाण कमी होतं.

हाडं ठिसूळ आहेत. स्क्रू धरतील का?

मऊ हाडात साधे स्क्रू ढिले पडू शकतात, म्हणून प्लेटमध्येच आटे बसणारे लॉकिंग स्क्रू वापरतात, किंवा अधिक तारा घालतात. ड जीवनसत्त्व कमी असेल तर आधी भरून काढा, पुरेशी प्रथिनं घ्या. तंबाखू आणि सिगारेट महिनाभर तरी आधी आणि हाड जुळेपर्यंत पूर्ण बंद.

दोन्ही पाय एकदमच करून टाकावे का?

उतारवयात नको. उभं राहायला एक चांगला पाय लागतो.

घरी आल्यावर पहिले सहा आठवडे कसे जातात?

हा भाग शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याची तयारी आधी करायची असते. वॉकर घेऊन टाचेवर चालण्याचा सराव शस्त्रक्रियेच्या *आधी* करा. दुखऱ्या पायाने, गोळीच्या गुंगीत, नवीन साधन शिकणं फार कठीण जातं. सराव जमला नाही तर तेही कळू द्या, कारण त्यावरून शस्त्रक्रियेची निवड बदलू शकते.

पहिले दोन आठवडे बहुतेक वेळ पाय हृदयाच्या पातळीच्या वर हवा. उशी पोटरीखाली ठेवा, टाच अधांतरी राहू द्या. टाचेखाली उशी ठेवून तासन्‌तास पडून राहिल्याने वृद्धांच्या टाचेला जखम होते आणि ती मूळ शस्त्रक्रियेपेक्षा जास्त छळते. घोटा आणि गुडघा दर तासाला हलवा. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, तोवर ड्रेसिंग कोरडं ठेवा आणि अंघोळ बसून करा.

चालण्यासाठी ताठ तळाचा खास बूट मिळतो. तो रात्री लघवीला उठतानाही घालायचा, अपवाद नाही. या बुटाची उंची जास्त असते, म्हणून दुसऱ्या पायात तेवढ्याच उंचीचं पादत्राण घाला. नाहीतर कंबर धरते आणि तोल जातो. वाटेतली सतरंजी, वायर उचलून ठेवा, रात्री दिवा चालू असू द्या. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी.

वेदनेसाठी पॅरासिटॅमॉल हा पाया. सूज-वेदनेच्या इतर गोळ्या वृद्धांच्या मूत्रपिंडांना आणि पोटाला त्रास देतात, त्या दुकानातून परस्पर घेऊ नका. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतो आणि चक्कर येते. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला एक्स-रे काढतात आणि हाड जुळताना दिसलं तर रुंद बूट सुरू होतो. गाडी चालवणं त्यानंतरच, जोराने ब्रेक दाबता येतो याची खात्री झाल्यावर.

दोन महिने झाले, सूज अजून आहे. काही बिघडलंय का?

सूज हळूहळू कमी होत असेल आणि सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असेल, तर बहुधा नाही. सूज सहा महिने, कधी वर्षभर रेंगाळते. पाय खालून वर रक्त पाठवतो, त्याला वेळ लागतो. शस्त्रक्रियेचा खरा निकाल वर्षानेच कळतो, हे आधी न सांगितल्यामुळे पुष्कळ माणसं तिसऱ्या महिन्यात निराश होतात.

काय काय बिघडू शकतं?

जखम चिघळणं, कातडी सावकाश भरणं, हाड न जुळणं किंवा वाकडं जुळणं, प्लेट टोचणं, अंगठ्याच्या कडेला बधिरपणा राहणं, शेजारच्या मेटाटार्सलखाली नवं दुखणं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी क्वचित होते. आधी कधी गुठळी झाली असेल, कर्करोग असेल किंवा हालचाल फार कमी असेल तर ती टाळण्याची औषधं देतात. आणि सगळं नीट होऊनही थोडं दुखणं उरू शकतं. 'शंभर टक्के बरं होईल' असं आश्वासन कुणी देऊ नये आणि कुणी घेऊ नये.

पुन्हा वाकडं होईल का?

जोडलेला आणि नीट जुळलेला सांधा पुन्हा वळत नाही. हाड सरकवण्याच्या शस्त्रक्रियेत काही वर्षांनी विकृती थोडी परत येऊ शकते, मूळ कोन जितका मोठा तितकी शक्यता जास्त. मधली बोटंही पुन्हा आखडू शकतात. अरुंद बुटांकडे परत गेल्यास हे लवकर होतं.

डॉक्टरांना काय विचारावं?

माझ्या पायाचा रक्तपुरवठा पुरेसा आहे का? यापेक्षा लहान शस्त्रक्रियेने भागेल का? काहीच केलं नाही तर काय होईल? किती आठवडे मला दुसऱ्याची मदत लागेल? हे चार प्रश्न पुरेसे आहेत. ते रुग्णाने स्वतः विचारावेत; घरच्यांनी त्यांच्या वतीने उत्तरं देऊ नयेत. 'मला फक्त बागेपर्यंत चालायचंय' हे वाक्य आजींच्या तोंडून आलं तर अख्खा बेत बदलू शकतो.

शस्त्रक्रियेनंतर लगेच कधी कळवायचं?

ड्रेसिंगमधून पू किंवा घाण वास, वाढत जाणारा लालपणा, ताप. बोटं निळी, काळी किंवा पांढरी आणि थंड पडणं. गोळ्या घेऊनही अचानक वाढलेली वेदना. पट्टी फार आवळली आहे असं वाटलं तरी सकाळपर्यंत थांबू नका. पोटरी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी दाखवा, आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ आपत्कालीन विभागात जा. मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर दुखण्याची वाट पाहू नका. पट्टी बदलताना घरच्या कुणीतरी प्रत्येक वेळी जखम डोळ्यांनी पाहायची.